वेगाचे गणित आणि खात्रीचे गणित : मुंबईच्या संदेशवहनाच्या इतिहासातील काही प्रकरणे

संदेशवहनाच्या साधनांचा इतिहास लिहिताना वेगाचे कोष्टक मांडण्याची प्रथा पडून गेली आहे. सुएझमार्गे येणाऱ्या टपालाला विलायतेहून मुंबई गाठण्यास सुमारे महिना लागे, तारायंत्राने तेच अंतर काही तासांवर आणले, बिनतारी लहरींनी आणि कृत्रिम उपग्रहांनी क्षणावर आणले, अशी ही मांडणी असते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. संदेश किती लवकर पोचू शकतो हा एक प्रश्न आणि तो खात्रीने, जसाच्या तसा, पाहिजे त्या वेळी पोचतो की नाही हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर बहुधा पदार्थविज्ञानात मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र समुद्राच्या तळाशी, परक्या मुलखातील तारघरात, तारमास्तरांच्या कामाच्या पाळीत आणि गिरगावातल्या चाळीच्या जिन्याखालीही शोधावे लागते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मुंबईशी निगडित असलेल्या संदेशजालांचा या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने विचार करणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा मर्यादित हेतू आहे.

१. एकेरी साखळी

हिंदुस्थानातील तारायंत्राचा पाया डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी घातला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापन करीत असताना १८३९ साली त्यांनी या विषयावर पहिले प्रयोग केले. पुढे लॉर्ड डलहौसी यांच्या पाठिंब्याने नोव्हेंबर १८५३ मध्ये प्रत्यक्ष बांधकाम सुरू झाले आणि १८५५ च्या फेब्रुवारीत तारखाते सर्वसामान्य लोकांसाठी खुले झाले. मुंबई तोपर्यंत या मार्गाशी जोडली गेली होती. युरोपातील नाजूक तार येथील वादळवाऱ्यात, पावसाळ्यात आणि रानावनात टिकणार नाही, हे जाणून ओशॉनेसींनी जाड लोखंडी सळईसारखी तार वापरली. स्थानिक परिस्थिती पाहून साधन घडविण्याची ही दृष्टी त्या काळी विरळा होती, हे नमूद केले पाहिजे.

तथापि साधन मजबूत असले तरी जाल मजबूत असतेच असे नाही. आरंभीचा तारमार्ग ही एक एकेरी साखळी होती. कलकत्त्याहून मद्रासला जाणारा संदेश प्रथम आग्र्याला, तेथून इंदूरमार्गे मुंबईला आणि मुंबईहून मद्रासला असा जात असे. नकाशावर पाहता ही दोन शहरे एकाच किनाऱ्यावर आहेत. पण तारेच्या दृष्टीने त्यांच्यामधून जवळजवळ सारा देश जात होता. साखळीतील एक कडी तुटली की तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना मुक्या. १८५७ च्या उठावात नेमके हेच घडले. उत्तरेतील मार्ग जागोजाग तोडले गेले आणि राजधानी कलकत्ता ही मुंबई व मद्रास या दोन्ही इलाख्यांच्या तारसंबंधातून तुटली. त्यानंतर कलकत्ता ते मद्रास हा पूर्व किनाऱ्यालगतचा मार्ग तातडीने पुरा करण्यात आला. या नव्या मार्गामुळे संदेशाचा वेग वाढला, ही गोष्ट दुय्यम होय. महत्त्वाची गोष्ट अशी की, साखळीचे प्रथमच कडे झाले, आणि एक बाजू बंद पडली तर दुसऱ्या बाजूने जाण्याची सोय झाली. पर्यायी मार्ग म्हणजे उधळपट्टी नव्हे, हे तत्त्व तारखात्याने अशा रीतीने फार मोठी किंमत देऊन आत्मसात केले.

२. समुद्रतळाचा धडा

१८५७ च्या अनुभवामुळे विलायत आणि हिंदुस्थान यांच्यात थेट तार असावी, या मागणीला जोर आला. रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ कंपनीने १८५९ मध्ये सुएझपासून एडनपर्यंत आणि १८६० मध्ये एडनहून मस्कतमार्गे कराचीपर्यंत समुद्रात तार टाकली. ब्रिटिश सरकारने आठ लक्ष पौंडांच्या भांडवलावर व्याजाची हमी दिली होती, आणि ती देताना तार चालली पाहिजे अशी अट घालण्यास ते विसरले होते. ही तार संपूर्ण लांबीवर नियमितपणे कधीच चालली नाही. थोड्याच काळात तिचे एकेक भाग निकामी झाले. व्याज मात्र सरकारला पुढे कित्येक वर्षे भरावे लागले.

अपयशाचे कारण शोधता असे दिसून आले की, तार टाकताना तिला पुरेशी ढील दिली गेली नव्हती. तांबड्या समुद्राचा तळ पोवळ्यांच्या खडकांनी उंचसखल झालेला आहे. ताणून टाकलेली तार एका खडकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर दोरीसारखी लोंबकळत राहिली, तिच्यावर शिंपल्यांचे थर चढले आणि स्वतःच्याच भाराने ती तुटली. दोष विजेचा नव्हता. तळ सपाट असेल, या न तपासलेल्या गृहीतकाचा होता.

या आणि अटलांटिकमधील १८५८ च्या अपयशाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीने १८६१ मध्ये आपले निष्कर्ष सादर केले. समुद्रतळाचे आधी सर्वेक्षण करावे, तारेच्या प्रत्येक तुकड्याची कारखान्यात, जहाजावर आणि टाकताना अखंड विद्युत् परीक्षा घ्यावी, वेष्टनाची गुणवत्ता मोजून पाहावी, असा त्यांचा रोख होता. मोजायचे तर माप हवे. विजेच्या विरोधाचे सर्वमान्य एकक ठरविण्याचे काम ब्रिटिश असोसिएशनने त्याच सुमारास हाती घेतले आणि त्यातूनच आज शाळेतील मुलांना परिचित असलेले ओहम हे एकक सिद्ध झाले. विश्वासार्हतेच्या गरजेतून एका शास्त्राला त्याची मापे मिळाली, हे या प्रकरणाचे स्थायी फळ होय.

३. परक्या हातांची साखळी

नव्या शिस्तीची पहिली मोठी कसोटी इराणच्या आखातात लागली. लेफ्टनंट कर्नल पॅट्रिक स्टुअर्ट यांच्या नेतृत्वाखाली १८६४ मध्ये ग्वादरपासून मुसंदम आणि बुशायरमार्गे फाओपर्यंत सागरी तार टाकण्यात आली. तारेची वेटोळी घेऊन शिडाची जहाजे केपला वळसा घालून मुंबईस आली आणि येथून आगबोटींनी त्यांना ओढून आखातात नेले. परीक्षा काटेकोर झाल्या होत्या. तार उत्तम चालली. ग्वादर ते कराची ही मकरान किनाऱ्याची जमिनीवरील तार आणि फाओपासून पुढे बगदाद, कॉन्स्टॅन्टिनोपल हा तुर्की मार्ग यांना जोडून १८६५ च्या आरंभी हिंदुस्थान व युरोप यांच्यात तारेचा संबंध प्रस्थापित झाला. स्टुअर्ट मात्र तो पाहण्यास उरले नाहीत. त्याच वर्षीच्या जानेवारीत कॉन्स्टॅन्टिनोपल येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या दृष्टीने ही वेळ मोठी विलक्षण होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरला मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला होता आणि १८६१ पासून मुंबईत कापसाच्या तेजीने पैशाचा पूर लोटला होता. बँका, बंदराच्या भरावाच्या कंपन्या आणि त्यांच्या शेअरांचा सट्टा यांनी शहराला झपाटले होते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी भल्याभल्या पेढ्यांचे दिवाळे निघाले. लिव्हरपूलचा भाव आधी कोणाला कळतो यावर लक्षावधी रुपयांचा व्यवहार अवलंबून होता. अशा शहराला जी तार मिळाली ती कशी होती ?

ती तत्त्वतः वेगवान होती, व्यवहारात बेभरवशाची होती. संदेश तारेतून निमिषात धावे. परंतु प्रत्येक ठाण्यावर तो उतरवून घेऊन पुढच्या तारेवर पुन्हा हाताने पाठवावा लागे. तुर्की आणि इराणी मुलखातील ठाण्यांवर बसलेल्या कारकुनांना इंग्रजी येत नसे. न कळणारी अक्षरे ते जमतील तशी पुढे ढकलीत. शिवाय त्या त्या सरकारचे स्वतःचे संदेश आधी जात. परिणामी तार येण्यास कधी कधी कित्येक दिवस लागत आणि आल्यावर तिचा अर्थ लागेलच याची शाश्वती नसे. व्यापाऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८६६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला या विषयाच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्या बिचाऱ्या कारकुनांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला मजकुराचा अर्थही कळत नाही आणि ज्याच्यावर शेवटच्या परिणामाची जबाबदारीही नाही, अशा माणसाकडून बिनचूकपणाची अपेक्षा ठेवणारी रचनाच सदोष होती.

४. १८७० ची तार

यावर दोन उत्तरे निघाली आणि दोन्ही १८७० सालीच प्रत्यक्षात आली. सीमेन्स बंधूंनी लंडनहून बर्लिन, वॉर्सा, ओडेसा आणि तिफ्लिसमार्गे तेहरानपर्यंत एकाच व्यवस्थापनाखालील जमिनीवरील मार्ग उभारला. दुसरे उत्तर समुद्रातून मुंबईस आले. सर्व जगात प्रचंड म्हणून गाजलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज उष्ण कटिबंधातील उन्हासाठी पांढरा रंग देऊन, केपमार्गे १८७० च्या जानेवारीत मुंबई बंदराबाहेर येऊन उभे राहिले. फेब्रुवारीत त्याने मुंबईहून एडनच्या दिशेने सुमारे १,८०० सागरी मैल तार टाकली. एडन ते सुएझ हा भाग त्यानंतर पुरा झाला आणि माल्टा, जिब्राल्टरमार्गे इंग्लंडच्या पोर्थकर्नो किनाऱ्यापर्यंतची साखळी जूनमध्ये पूर्ण झाली. २३ जून १८७० रोजी लंडनमध्ये जॉन पेंडर यांच्या घरी झालेल्या समारंभातून हिंदुस्थानशी संदेशांची देवघेव झाली. पुढे १८७२ मध्ये या मार्गावरील कंपन्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीत विलीन झाल्या.

या तारेची रचना पाहता वेग आणि खात्री यांचा मेळ कसा घातला गेला, हे ध्यानी येते. विल्यम थॉमसन यांनी १८५० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते की, लांब सागरी तारेत संदेश रेंगाळतो आणि हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तारेची लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट. म्हणून सलग एक तार न टाकता एडन, सुएझ, माल्टा असे टप्पे करणे वेगाच्या दृष्टीने आवश्यक होते. परंतु टप्पा म्हणजे मधला हात, आणि मधला हात म्हणजे चुकीचा संभव. यावर उपाय असा झाला की सारे टप्पे अखेरीस एकाच कंपनीच्या, एकाच भाषेच्या आणि एकाच शिस्तीच्या हाती आले. थॉमसन यांच्याच सायफन रेकॉर्डरने आलेला संदेश कागदाच्या पट्टीवर शाईने उमटू लागला. म्हणजे चूक कोठे झाली हे मागाहून तपासता येऊ लागले. त्याच दशकात या मार्गावर दुसरी तारही टाकण्यात आली. टप्पे, जबाबदारी, नोंद आणि जोडतार अशा चार खांबांवर ही खात्री उभी होती. यांपैकी केवळ पहिलाच वेगासाठी होता.

ग्राहकांनीही आपल्या परीने या खात्रीत भर घातली. कापसाच्या पेढ्या दर शब्दाचा आकार वाचविण्यासाठी सांकेतिक कोश वापरीत. एका शब्दात अख्खे वाक्य मावे. पण एक अक्षर चुकले की ‘घ्या’ याचे ‘विका’ होण्याची भीती. १९०६ साली निघालेल्या बेंटलीच्या कोशात पाच अक्षरी संकेत असे निवडले होते की, कोणत्याही दोन संकेतांत निदान दोन अक्षरांचा फरक असावा. एक अक्षर बिघडले तर जो शब्द तयार होई तो कोशातच नसे, आणि चूक तत्काळ उघडी पडे. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये गणिती स्वरूपात मांडलेल्या दोषशोधक संकेतांचे मूळ बीज व्यापाऱ्यांच्या या व्यवहारी युक्तीत दिसते.

मात्र ही खात्री कोणासाठी होती, हाही प्रश्न इतिहासाने विचारला पाहिजे. फोर्टातील पेढ्यांसाठी तार ही रोजची गोष्ट होती. परळ-लालबागच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगाराचे संदेशजाल निराळे होते. १८८० पासून टपालखात्याने सुरू केलेली मनिऑर्डर आणि पोस्टकार्ड, हीच त्याची घराशी असलेली दोरी. ती हळू होती. परंतु पोस्टमनच्या हातून पैसे घरी पोचत, यावर साऱ्या कुटुंबाचा विश्वास असे. तार मात्र चाळीत आली की ती उघडण्याआधीच बायका रडू लागत, कारण मृत्यू वा गंभीर आजार यांखेरीज तारेचा खर्च करणे परवडणारे नव्हते. ज्याला वेग परवडतो त्याच्यापर्यंत तो आधी पोचतो. खात्रीची गरज मात्र सर्वांना सारखीच असते.

५. तारमास्तरांचा संप

खात्रीच्या गणितात माणूस किती मोठा अंक आहे, हे १९०८ साली दिसून आले. तारखात्याची कार्यक्षमता वाढविण्यासाठी कामाच्या तासांची नवी वाटणी सुचविण्यात आली. तारेवर संदेशांची गर्दी दिवसाच्या ठरावीक वेळी होते. तेव्हा माणसांच्या पाळ्याही गर्दीप्रमाणे तोडाव्यात, असा त्यातील तर्क होता. कागदावर हे गणित सुबक होते. परंतु तोडलेल्या पाळीत माणसाचा सारा दिवस कचेरीच्या भोवती अडकून पडतो, हे त्यात धरले नव्हते. त्या वर्षीच्या वसंतात रंगून, कलकत्ता, मुंबई अशा प्रमुख तारघरांतील संदेशक कामावरून उठले. देशभर विखुरलेल्या या लोकांना एकत्र येण्यासाठी सभागृह लागले नाही. ज्या तारेवर ते काम करीत तीच त्यांची सभा झाली. तारा शाबूत होत्या, यंत्रे शाबूत होती, आणि तरीही व्यापाऱ्यांचे संदेश साचून राहिले. जाल म्हणजे केवळ तार नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

६. एक टेलिफोन, अनेक बिऱ्हाडे

२८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाली. मुंबईचा टेलिफोन दीर्घकाळ खासगी कंपनीकडे होता. १९४३ मध्ये तो सरकारने आपल्याकडे घेतला. टेलिफोनच्या जालाची रचना तारेहून वेगळ्या गणितावर चालते. प्रत्येक वर्गणीदारासाठी स्वतंत्र वाट ठेवणे अशक्य. तेव्हा सर्वजण एकाच वेळी बोलत नाहीत, हे गृहीत धरून मोजक्या सामायिक वाटा ठेवायच्या. किती वाटा ठेवल्या तर किती लोकांना ‘लाइन व्यस्त’ हे उत्तर मिळेल, याचे सूत्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये दिले. सूत्र निर्दोष आहे. परंतु त्यात घालायचा आकडा, म्हणजे एक टेलिफोन दिवसाकाठी किती वापरला जातो हा, प्रत्येक समाजाचा आपापला असतो.

१९६४ च्या सुमारास बेल्जियममधील कंपनीशी करार करून पेंटाकॉन्टा जातीची क्रॉसबार केंद्रे भारतात बांधण्याचे ठरले. महानगरांत ती बसविल्यावर ती गर्दीखाली गुदमरू लागली. युरोपातील घरगुती टेलिफोनच्या बेताच्या वापरावर त्यांची रचना बेतलेली होती. येथे परिस्थिती अगदी उलट होती. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे, आणि म्हणून ज्याच्याकडे तो असे त्याच्याकडे तो सर्वांचा असे. गिरगावच्या चाळीत वा दादरच्या जुन्या इमारतीत एखाद्या बिऱ्हाडी किंवा खालच्या वाण्याच्या दुकानी असलेला टेलिफोन साऱ्या मजल्याचा, कित्येकदा साऱ्या चाळीचा असे. लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर त्याचा क्रमांक ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे जोडून बिनदिक्कत छापला जाई. निरोप आला की घरातले पोर जिना चढून हाक मारी. आकडेवारीच्या दृष्टीने हा एक वर्गणीदार. वापराच्या दृष्टीने वीस कुटुंबे. त्यात भर अशी की, लाइन न मिळाल्यास माणूस पुन्हा पुन्हा क्रमांक फिरवितो आणि प्रत्येक फसलेला प्रयत्नही यंत्राला तितकाच राबवितो.

१९५६ मध्ये स्थापन झालेल्या दूरसंचार संशोधन केंद्रातील अभियंत्यांनी पुढे या यंत्रणेत येथील वापराला अनुरूप असे फेरफार केले, आणि ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने भारतीय गर्दी, उष्णता व धूळ आधीच हिशेबात धरून नवी इलेक्ट्रॉनिक केंद्रे आखली. संशोधनाचा विषय बदलला नव्हता. प्रश्न विचारण्याची जागा बदलली होती. चाळीच्या जिन्याखालील शेजारधर्म हा आता रचनेतील अडथळा न राहता रचनेचा आरंभबिंदू ठरला.

७. समारोप

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातील तारसेवा बंद झाली. जुने गेले, नवे आले. नव्या जालाचे मूलतत्त्व पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये मांडले होते : प्रत्येक ठाणे अनेक ठाण्यांशी जोडावे, संदेशाचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याने मोकळा मार्ग शोधीत जावे. १८५७ नंतर पूर्व किनाऱ्याने टाकलेल्या तारेचे हे विकसित रूप होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु तत्त्व समजणे आणि ते पाळणे यांत अंतर असते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन सागरी केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. कंपन्यांना आपली वाहतूक पूर्वेकडून वळवावी लागली. २०२४ च्या आरंभी तांबड्या समुद्रात पुन्हा काही केबली निकामी झाल्या. कागदावर या केबली अनेक होत्या, मालक अनेक होते. परंतु सर्व त्याच अरुंद समुद्रातून गेलेल्या होत्या, ज्याने १८५९ ची तार गिळली. एका वाटेवरून दहा दोऱ्या नेल्या तर त्या दहा वाटा होत नाहीत.

वरील प्रकरणांतून निष्पन्न होणारा निष्कर्ष असा की, मुंबईशी निगडित संदेशजालांतील मोठी अपयशे वेगाच्या अभावामुळे घडलेली नाहीत. रचनाकाराने जे पाहिले नव्हते त्यामुळे ती घडली : कधी समुद्राचा तळ, कधी मधल्या ठाण्यावरचा कारकून, कधी तारमास्तराचा दिवस, कधी शेजाऱ्याचा टेलिफोन. आणि प्रत्येक सुधारणा ही ते पाहिल्यानंतर झाली. यापुढे अधिक वेगवान जाले आखली जातील, यात शंका नाही. ती आखताना यंत्राच्या नोंदीबरोबरच वापरणाऱ्यांच्या वस्तीचीही नोंद ठेवली गेली, तर पुढील अपयश होण्याआधीच ओळखता येईल. इतिहासाच्या अभ्यासकाने अभियंत्याला द्यावयाचे साहाय्य ते हेच.